उद्यान कोणाचे?

परकी सत्तेखाली जुन्या राजोद्यानांचे काय झाले, या विषयावरील लेखनाचा सूर बहुधा विलापाचा असतो. सत्ता गेली, कारंजी आटली, मंडप ओस पडले. हा विलाप खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे, असे आमचे मत आहे.

कोरियाचे उदाहरण घेऊ. जपानी वर्चस्वाखाली १९०९ साली सोल येथील चांगग्योंगगुंग राजवाड्याच्या आवारात प्राणिसंग्रहालय व वनस्पतिउद्यान उघडण्यात आले. १९११ मध्ये त्याच्या नावातील 'राजवाडा' जाऊन तेथे 'बाग' आली. राजघराण्याचा तो उघड मानभंग होता. परंतु त्याच घटनेने सामान्य माणसाला त्या आवारात प्रवेश मिळाला, हेही विसरता येणार नाही.

आपल्याकडील उदाहरण पुण्याच्या हिराबागेचे. पर्वतीच्या पायथ्याशी तळ्याकाठची ही बाग नानासाहेब पेशव्यांच्या काळातील. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि विलासाची ही जागा पुढे सभांची झाली. न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन येथेच भरले. राजाची बाग लोकांची झाली, असे म्हणून इतिहासकार येथे समाधानाने थांबतात.

आम्ही विचारतो, कोणत्या लोकांची? १८८५ च्या दुसऱ्या ग्रंथकार संमेलनाचे निमंत्रण महात्मा फुले यांनी नाकारले. बहुजनांना माणुसकीचे हक्क देण्यास जे तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आपले जुळणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आणि हिराबागेवरून दिसणाऱ्या त्याच पर्वतीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्यांना १९२९ च्या ऑक्टोबरात सत्याग्रह करावा लागला. पेशवाई जाऊन तेव्हा शंभरांहून अधिक वर्षे लोटली होती. मालक बदलले, बागेचा उपयोग बदलला. जातीचा उंबरठा मात्र जागच्या जागी राहिला.

उद्यानाचे मोल ठरविण्याची दुसरी कसोटी आपल्या परंपरेत आहे. पाली भाषेत 'आराम' म्हणजे बाग आणि 'आराम' म्हणजेच भिक्खूंचे निवासस्थान. बिंबिसाराने वेळुवन दिले, अनाथपिंडिकाने जेतवन दिले, गणिका आम्रपालीने आपली आमराई दिली. ज्या संघाला ही दाने मिळाली, त्यात न्हावी उपाली होता, निर्माल्य उचलणारा सुनीतही होता. इस्लामपूरहून कराडकडे जाणाऱ्या वाचकांना आगाशिवाच्या डोंगरातील लेणी परिचित आहेत. तेथील साधे विहारही अशाच संघासाठी कोरलेले होते.

म्हणून उद्यानांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मंडप केव्हा पडला याबरोबरच त्याच्या दारातून कोणाला परत पाठविले गेले, याचीही नोंद करावी. त्या नोंदीवाचून हा इतिहास मालकांचाच राहील.