'अ विझार्ड ऑफ अर्थसी' : वाचकमते आणि प्रौढत्वाची कल्पना

प्रस्तावना

अमेरिकन लेखिका उर्सुला के. ल ग्विन (1929–2018) यांची 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी 1968 साली प्रसिद्ध झाली. किशोरवयीन वाचकांसाठी काही लिहावे, अशी विनंती एका प्रकाशकाने केली आणि त्यातून ही कादंबरी जन्मास आली. पुढे 2001 पर्यंत याच द्वीपसमूहावर आधारित आणखी चार कादंबऱ्या व एक कथासंग्रह प्रकाशित झाला. अद्भुतरम्य साहित्यात या मालिकेचे स्थान आज निर्विवाद मानले जाते. वाचकांची मते मात्र तशी एकमुखी नाहीत. ज्या कादंबरीला काही वाचक आयुष्यभर जवळ बाळगतात, तीच इतरांना संथ, कोरडी व दूरस्थ वाटते. अशा मतांना अभिरुचीचा प्रश्न म्हणून बाजूला सारण्याची प्रथा अभ्यासकांत रूढ आहे. प्रस्तुत लेखात या मतांचा गांभीर्याने विचार केला असून, त्यांमागे प्रौढ होणे म्हणजे काय याविषयीच्या भिन्न अपेक्षा कशा दडलेल्या आहेत, हे पाहण्याचा प्रयत्न आहे.

जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मांडली. वाचक कोऱ्या मनाने पुस्तकाकडे येत नाही. पूर्वी वाचलेल्या कृतींनी त्याच्या मनात काही अपेक्षा निर्माण केलेल्या असतात आणि नव्या कृतीचे मोल तो त्यांच्या आधारे ठरवतो, असे या संकल्पनेचे सार सांगता येईल. 'अर्थसी'विषयीच्या मतभेदांचा उलगडा करण्यास ती विशेष उपयुक्त ठरते.

कथानकाचे स्वरूप

गॉन्ट बेटावरील एका खेड्यात वाढलेल्या मातृहीन मुलाच्या अंगी जादूची उपजत शक्ती आहे. तेराव्या वर्षी ओगियन हा मितभाषी जादूगार त्याला 'गेड' हे खरे नाव देतो. ओगियनच्या संथ शिकवणीला कंटाळून गेड रोक बेटावरील विद्यापीठात जातो. तेथे जॅस्पर या सहाध्यायाशी असलेल्या चढाओढीतून तो मृताला आवाहन करण्याचे धाडस करतो. त्या फटीतून एक अनाम छाया जगात शिरते. तिला रोखताना वृद्ध कुलगुरू नेमर्ल यांचा प्राण जातो आणि गेडच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण उरतात. पुढील कथा ही प्रथम छायेपासून पळण्याची आणि नंतर तिचा पाठलाग करण्याची आहे. अखेरीस व्हेच या मित्राच्या सोबतीने, ज्ञात बेटांच्या पलीकडील समुद्रात, गेड त्या छायेला स्वतःच्याच नावाने हाक मारतो आणि दोघे एक होतात.

'काहीच घडत नाही' हा आक्षेप

या कादंबरीवरील सर्वांत प्रचलित आक्षेप तिच्या गतीविषयीचा आहे. युद्धे नाहीत, खलनायक नाही, संवाद थोडे आहेत आणि निवेदक पात्रांपासून अंतर राखून बोलतो, अशी तक्रार अनेक वाचक करतात. 1997 पासून प्रसिद्ध झालेल्या 'हॅरी पॉटर' मालिकेनंतर 'अर्थसी'कडे वळलेल्या वाचकांत ती विशेष आढळते. त्यांना जादूची शाळा ओळखीची वाटते. परंतु त्या शाळेतील वसतिगृहजीवन, मैत्रीचे प्रसंग व विनोद यांची अपेक्षा येथे पूर्ण होत नाही. रोकमधील शिक्षणाची वर्षे काही प्रकरणांतच संपतात.

या आक्षेपात तथ्य आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि कादंबरीतच एक पात्र हीच तक्रार करते, हे लक्षात घ्यावयास हवे. ते पात्र म्हणजे स्वतः गेड. ओगियनबरोबर रानावनांतून चालताना आपले शिक्षण सुरू कधी होणार, असे तो विचारतो. ते केव्हाच सुरू झाले आहे, असे त्याला उत्तर मिळते. पाऊस आला असता ओगियन मंत्राने ढग हटवीत नाही. तो एका झाडाखाली आडोसा शोधतो. शक्ती असूनही ती न वापरणाऱ्या गुरूचे गेडला आश्चर्य वाटते. अधीर वाचक या टप्प्यावर गेडच्या शेजारीच उभा असतो. या अधीरतेची किंमत पुढे नेमर्ल यांच्या मृत्यूने मोजली जाते. संथपणा हा येथे आशयाचा भाग आहे. तो न सोसलेल्या वाचकाला ओगियनचे मौन अखेरपर्यंत रिकामेच वाटते.

निवेदकाच्या दूरस्थपणाविषयीही असेच म्हणता येईल. गेड पुढे थोर जादूगार होणार, हे पहिल्याच पानावर सांगितले जाते. यामुळे उत्कंठा नाहीशी होते, असे काही वाचकांचे मत आहे. आधुनिक कादंबरीच्या अपेक्षेने पाहता ते बरोबर आहे. परंतु हे निवेदन वीरगाथेच्या परंपरेतील आहे. कीर्तनातील आख्यान ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला कथेचा शेवट आधीच ठाऊक असतो. तो शेवटासाठी नव्हे, तर शेवटापर्यंतची वाट कशी चालली गेली हे ऐकण्यासाठी बसतो. त्याच वृत्तीने वाचल्यास निवेदकाचे अंतर खुपत नाही.

'शेवट सोपा आहे' हा आक्षेप

केवळ एक नाव उच्चारून संघर्ष संपतो, हे काही वाचकांना असमाधानकारक वाटते. याउलट बहुसंख्य चाहते या शेवटाचा अर्थ कार्ल युंग यांच्या 'छाया' या संकल्पनेच्या आधारे लावतात. ल ग्विन यांनी कादंबरी लिहिली तेव्हा युंग वाचलेले नव्हते, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. त्यामुळे ही कादंबरी एखाद्या सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून वाचणे पुरेसे ठरत नाही.

शेवटाची तयारी कथेतच आहे. रोकमधील विद्यार्थ्यांना एकांतातील मनोऱ्यात राहून वस्तूंच्या खऱ्या नावांच्या लांबच लांब याद्या पाठ कराव्या लागतात. नाव जाणणे म्हणजे वस्तूचे स्वरूप जाणणे, आणि हे ज्ञान श्रमसाध्य आहे, असा तेथील धडा आहे. महाराष्ट्रात पत्रिकेतील जन्मनाव आणि व्यवहारातील नाव वेगळे ठेवण्याची रीत अनेक कुटुंबांत आहे. त्यामुळे दोन नावांची कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये. फरक इतकाच की, जन्मनाव नक्षत्रावरून जन्मतःच ठरते, तर अर्थसीतील खरे नाव बालपण संपताना दुसऱ्या कोणाकडून मिळते आणि विश्वासातील माणसालाच सांगितले जाते. छायेला स्वतःचे नाव देणे म्हणजे झालेल्या अपराधाचे स्वामित्व स्वीकारणे होय. शत्रूला ठार मारून मिळणाऱ्या विजयापेक्षा ही कृती अधिक कठीण आहे.

ज्या आक्षेपांनी मालिका बदलली

वरील दोन आक्षेपांना कादंबरीतूनच उत्तर देता येते. तिसरा आक्षेप तसा नाही. रोकच्या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नाही. स्त्रियांची जादू दुबळी अथवा दुष्ट असते, असे लोकमत कथेत येते आणि कथा त्याला फारसा छेद देत नाही. स्त्रीवादी वाचकांनी यावर बोट ठेवले. ल ग्विन यांनी 1992 साली ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात, आपण पुरुषकेंद्री वीरकथेच्या परंपरेत लिहीत होतो, हे स्पष्टपणे मांडले. तत्पूर्वीच, 1990 साली, 'तेहानू' ही चौथी कादंबरी आली होती. तिच्यात गेडची शक्ती संपलेली आहे आणि कथेच्या केंद्रस्थानी मध्यमवयीन तेनार व भाजलेली, अत्याचारित बालिका आहे. या कादंबरीने वाचकांत नवी फूट पाडली. लाडक्या नायकाचा तेजोभंग झाला, असे काहींना वाटले; मूळ कादंबरीतील मौन अखेर भरून निघाले, असे इतरांनी म्हटले. पहिल्या गटाची खंत समजण्याजोगी आहे. परंतु वीरपुरुष घडतो तेव्हा घर कोण सांभाळते, हा 'तेहानू'चा प्रश्न पहिल्या कादंबरीच्या वाचनालाही मागे वळून बदलतो.

वर्णाच्या बाबतीत स्थिती नेमकी उलट आहे. गेड ताम्रवर्णी आहे, व्हेच कृष्णवर्णी आहे आणि आक्रमक कार्ग लोक गोरे आहेत. ही योजना लेखिकेने हेतुपुरस्सर केली होती. अनेक मुखपृष्ठांनी मात्र गेडला गोरा केला आणि 2004 च्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतही गेडच्या भूमिकेसाठी गोरा नट निवडला गेला. ल ग्विन यांनी त्याचा जाहीर निषेध केला. या साहित्यप्रकारात आपल्याला सामावून घेणारी पुस्तके हीच, असे आपणास कळवणाऱ्या गौरेतर वाचकांचा उल्लेख त्यांनी त्या वेळी आवर्जून केला. गोऱ्या वाचकांपैकी अनेकांच्या जो तपशील लक्षातही राहिला नाही, तोच या वाचकांसाठी पुस्तकाचा प्राण होता.

निष्कर्ष

1. 'अर्थसी'च्या गतीविषयीची नापसंती ही बहुतांशी अपेक्षांच्या क्षितिजातून येते. प्रौढत्व म्हणजे बाह्य शत्रूवर विजय, ही धारणा घेऊन आलेल्या वाचकाला संयम व आत्मस्वीकार यांची कथा अपुरी वाटणे स्वाभाविक आहे.

2. सर्वच आक्षेप वाचकाच्या मर्यादेतून येत नाहीत. स्त्रीचित्रणाविषयीचा आक्षेप कृतीच्या खऱ्या उणिवेवर बोट ठेवतो आणि लेखिकेनेही पुढील लेखनातून त्याची दखल घेतली.

3. म्हणून वाचकमत हे समीक्षेचे कनिष्ठ रूप मानणे योग्य नव्हे. वर्गात विद्यार्थी 'पुस्तक कंटाळवाणे आहे' असे म्हणतो, तेव्हा त्याला गप्प करण्यापेक्षा त्याने कशाची वाट पाहिली होती, हे विचारणे अधिक फलदायी ठरेल. त्या प्रश्नाच्या उत्तरात कादंबरीइतकाच वाचकही उलगडतो, आणि घडणीच्या कादंबरीच्या अभ्यासात हे दोन्ही अभिप्रेत असावयास हवे.