पैसे बुडाले तर जबाबदार कोण? युरोपच्या क्रिप्टो कायद्याचं एक वाचन

ब्रसेल्समध्ये झालेला कायदा आपण मराठीत कशाला वाचायचा, असं काहींच्या मनात आलं असेल. एक कारण साधं आहे. युरोपातल्या वित्तकंपन्यांचं सॉफ्टवेअर पुण्या-मुंबईत बसून लिहिणारी आपली कितीतरी माणसं आहेत; या कायद्याची कलमं त्यांच्या रोजच्या कामात येतात. दुसरं कारण थोड्या वेळाने येईल.

कायद्याचं नाव ‘मार्केट्स इन क्रिप्टो-ॲसेट्स’, बोलताना ‘मिका’. 2023 च्या मे महिन्यात तो झाला. स्टेबलकॉइनची कलमं 30 जून 2024 पासून लागू झाली, बाकीची 30 डिसेंबर 2024 पासून. आधीपासून धंद्यात असलेल्यांना सवलतीची शेवटची तारीख 1 जुलै 2026, आणि ही मुदत कमी करायची मुभा प्रत्येक देशाला दिलेली. एकूण 149 कलमं. एवढं सगळं वाचताना माणूस हरवतो. म्हणून आम्ही एकच प्रश्न हातात धरून वाचलं: पैसे बुडाले तर उत्तर कोण देणार?

आधी जे चांगलं आहे ते सांगू. 75 वं कलम काढा. तुमची क्रिप्टो सांभाळणाऱ्या कंपनीने ती स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवली पाहिजे. कंपनीचं दिवाळं निघालं तरी तिच्या देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येऊ नये. आणि कंपनीमुळे ती गेली तर भरपाई कंपनीनेच द्यायची, हरवली त्या वेळच्या बाजारभावापर्यंत. ‘आमच्या सेवेशी याचा संबंध नव्हता’ असं म्हणायचं असेल, तर ते सिद्ध करायचं ओझं कंपनीच्या डोक्यावर. भाषा रुक्ष आहे, पण बाजू कुणाची घेतली आहे ते स्पष्ट कळतं.

आता ते दुसरं कारण. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या आपल्याकडच्या एक्सचेंजवरून सुमारे 23 कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. ग्राहकांचे पैसे अडकले, आणि तोडग्याचं प्रकरण चाललं सिंगापूरच्या न्यायालयात. त्या वेळी आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर होता, व्यवहारावर 1 टक्का टीडीएस होता, मनी लाँडरिंगचे नियमही लागू होते. म्हणजे सरकारचा वाटा ठरलेला होता. ग्राहकाचं काय, हे सांगणारा क्रिप्टोचा स्वतंत्र कायदा नव्हता. 75 व्या कलमाची किंमत इथे बसून जास्त कळते.

पण हाच प्रश्न घेऊन पुढे गेलं, की कायद्याचा सूर बदलतो. नवी नाणी विकणाऱ्याने ‘व्हाइट पेपर’ काढायचा असतो. मराठीत आपण म्हणू श्वेतपत्रिका. आता श्वेतपत्रिका म्हटलं की आपल्याला आठवते 2012 साली सिंचनावर निघाली ती: सरकारने आपला हिशेब लोकांपुढे मांडायचा. इथली श्वेतपत्रिका मात्र विकणाराच लिहितो. ती प्रसिद्ध करण्याच्या 20 कामाचे दिवस आधी नियामकाकडे द्यायची, पण नियामक तिला मंजुरी देत नाही. कोणत्याही नियामकाने हे मंजूर केलेलं नाही, असं तीत ठळकपणे लिहावंच लागतं. हे प्रामाणिक आहे, मान्य. पण विकत घेणारा नाव ऐकतो, पानं बघतो आणि समजतो की सरकारी शिक्का बसला!

बरं, मजकूर फसवा निघाला तर? 15 वं कलम विकणाऱ्याला जबाबदार धरतं. करारात बारीक अक्षरांत ‘आम्ही जबाबदार नाही’ लिहून सुटता येत नाही. मात्र इथे पुरावा आणायचा ग्राहकाने. माहिती चुकीची होती हे दाखवायचं, आणि तिच्या भरवशावर आपला निर्णय झाला हेही दाखवायचं. 75 व्या कलमात कंपनीवर टाकलेलं ओझं 15 व्यात ग्राहकावर आलं. शे-दोनशे युरो घातलेला माणूस हे कसं करणार?

स्टेबलकॉइनचंही असंच. मे 2022 मध्ये टेरायूएसडी कोसळलं. त्यावर जवळजवळ 20 टक्के व्याजाची लालूच होती. मिकाने एका चलनाशी बांधलेल्या नाण्यावर व्याज बंद केलं, आणि धारक मागेल तेव्हा पूर्ण दर्शनी मूल्य परत करायचं बंधन घातलं. उत्तम. पण मिळालेल्या पैशातले किमान 30 टक्के बँकेत ठेवायचे, नाणं फार मोठं झालं तर 60 टक्के. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसीच्या राखीव निधीतले 3.3 अब्ज डॉलर तिथे होते, आणि एका डॉलरचं ते नाणं 88 सेंटच्या आसपास घसरलं. युरोपात ठेवींना विम्याचं संरक्षण एक लाख युरोंपर्यंत. म्हणजे नाण्याचा धोका कमी करताना बँकेचा धोका कायद्यानेच आत घेतला.

आणि शेवटचा मुद्दा. एका देशात परवाना मिळाला की संघातल्या 27 ही देशांत धंदा करता येतो. मग साखळीची ताकद तिच्या सगळ्यात ढिल्या कडीइतकीच. जुलै 2025 मध्ये युरोपच्या बाजार नियामकाने, म्हणजे एस्माने, माल्टाच्या एका परवान्याची तपासणी जाहीर केली. माणसं आणि जाण पुरेशी होती, पण काही महत्त्वाचे मुद्दे सुटायच्या आधीच परवाना दिला गेला होता, असं त्यात निघालं. त्या परवान्यावर विसंबलेल्या लिस्बनच्या ग्राहकाला हे आधी कोण सांगणार होतं?

म्हणून पालन म्हणजे नुसती यादीवर खूण करणं, असं आम्हाला वाटत नाही. किल्ली कुणाकडे आहे, ग्राहकाची नोंद वेगळी आहे का, परवाना कुठला आहे, तक्रार कुणाकडे जाते, या चार प्रश्नांची उत्तरं ज्या कंपनीला एका पानावर लिहिता येतात, ती कायदा पाळते. ज्या कंपनीला यासाठी वकिलांच्या चाळीस पानांची गरज पडते, ती कायद्याभोवती फिरते. मिका चांगला कायदा आहे. जिथे उत्तर देणारा माणूस सापडतो तिथे तर फारच चांगला. आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा 75 वं कलम जसंच्या तसं घ्यावं, आणि 15 वं घेताना पुराव्याचं ओझं उलटं करावं. एवढं मागायला हरकत नसावी.