देऊळ की राऊळ

तीन घरं आडवी, तीन घरं उभी, आणि मधलं एक घर काळं. शब्दकोड्याचा याहून लहान तुकडा बहुधा होणार नाही. हा कोपरा मी या लेखापुरता मांडला आहे. वाचकाने कागदावर चौकटी ओढून घ्याव्यात आणि मगच पुढे वाचावं. वरची आडवी ओळ : मोराचं डोकं, फणसाचं पोट, बसलं वेणीत. डावीकडची उभी : आंब्याला येतो, हंड्यात सापडते. उजवीकडची उभी : देवाचं घर. खालची आडवी : पिकला आंबा असाच, कीर्तनकाराची वाणीही अशीच.

रोजच्या मराठी पेपरात यातली तिसरी सूचना हमखास भेटते, पहिली क्वचित. आपली दैनिकं प्रतिशब्द विचारतात. देवाचं घर, कमळ, राजा, पाणी. इंग्रजीत आर्थर विन यांचं पहिलं कोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आलं, तेही असंच सरळ होतं. पुढे इंग्लंडात सूचनेतच उत्तराचे तुकडे लपवायची रीत रुजली. ती काही आपल्याला परकी नाही. शब्द तोडून, अक्षर झाकून घातलेली कोडी आपल्याकडे आजीच्या तोंडी होतीच, चौकटी तेवढ्या नव्हत्या.

आता पहिली सूचना पाहा. मोराचं डोकं म्हणजे ‘मो’. फणसाच्या पोटात ‘गरा’. दोन्ही जोडून वेणीत जे बसतं ते मोगरा. या सूचनेची गंमत अशी की ती दोन टोकांनी सोडवता येते. मराठवाड्यातला मुदखेड तालुका फुलशेतीचा, त्यामुळे तिथला माणूस ‘वेणी’ या शब्दावरूनच मोगऱ्यापर्यंत पोचेल आणि मोर-फणस नंतर ताडून बघेल. फणस त्याच्या शिवारातला नव्हे, तो बाजारातून ओळखीचा. कोकणातला माणूस उलट गऱ्यापासून सुरुवात करील. वाटा वेगळ्या, पण दोघांनाही शेवटी एक गोष्ट करता येते : शेजारच्याला उत्तर पटवून देता येतं. चांगल्या सूचनेची माझी कसोटी तीच. उत्तर सापडण्याआधी ती फसवते, सापडल्यावर तिच्यातला एकही शब्द फुकट गेलेला दिसत नाही.

दुसऱ्या सूचनेत फसवणूक नाहीच, नुसतं व्याकरण आहे. ‘येतो’ आणि ‘सापडते’. एकच शब्द आंब्यावर पुल्लिंगी आणि पुरलेल्या हंड्यात स्त्रीलिंगी. क्रियापदांच्या शेवटाकडे ज्याचं लक्ष गेलं त्याला मोहर मिळाला, आणि मिळालीही. इथे आपल्या भाषेने रचनाकाराला दिलेली सोय दिसते. लिंग क्रियापदात उतरतं, म्हणून चार शब्दांत दोन अर्थ उभे करता येतात. पण याच ठिकाणी एक भोकही आहे. मधल्या घरात ‘ह’ लिहायचा की ‘हो’? आंब्याचा मोहोर लिहिणारेही पुष्कळ. त्या घरावरून आडवा शब्द जात नाही, त्यामुळे साक्षीदार नाही. मराठी कोड्यात एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. म्हणून जिथे दोन शब्द भेटतात तिथे नुसतं व्यंजन जुळून भागत नाही, स्वरही जुळावा लागतो. हे बंधन इंग्रजी कोड्याला नाही. काही रचनाकार ऱ्हस्व-दीर्घ खपवून घेतात. मला ती चोरी वाटते.

आणि आता देवाचं घर. देऊळ, मंदिर, राऊळ, थोडं ताणलं तर गाभारा. चारही तीन घरांत मावतात. खालचा आडवा शब्द ‘मधुर’ धरला तर शेवटी ‘र’ येतो आणि मंदिर बसू पाहतं. पण मोहरने त्या ओळीचं पहिलं घर ‘र’ ठरवलेलं असल्यामुळे तिथे रसाळच येतो. शेवटी ‘ळ’ आल्यावर मंदिर आणि गाभारा बाहेर पडतात. देऊळ आणि राऊळ मात्र अजून खांद्याला खांदा लावून उभे. दोघांत ‘ऊळ’ सारखंच. निवाडा करतं ते फक्त पहिलं घर, आणि तिथे मोगऱ्याचा ‘रा’ आधीच येऊन बसला आहे. ते एक घर मोकळं असतं तर अर्थावरून, व्याकरणावरून, शब्दकोशावरून, कशावरूनही निकाल लागला नसता.

मोकळ्या सोडलेल्या अशा घरांवर एकेकाळी मोठा धंदा चालत होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं वेड देशभर होतं. आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोडी बंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’मधून मुंबई राज्यातही पोचत. प्रवेशिकेबरोबर पैसे भरायचे. दोन शब्द सारखेच चपखल, आणि बरोबर कोणता, तर संयोजकांनी आधी ठरवून ठेवलेला. म्हणजे देऊळ की राऊळ हे वाचून कळण्याची सोयच नाही. शेवटी संसदेने १९५५ साली बक्षीस स्पर्धांचा कायदा केला आणि १ एप्रिल १९५६ पासून तो अमलात आला. महिन्याला एकूण बक्षीस हजार रुपयांच्या वर नको, प्रवेशिका दोन हजारांच्या वर नकोत. हा विषय राज्यांच्या अखत्यारीतला, म्हणून काही राज्यांनी ठराव करून संसदेला हा कायदा करायला सांगितलं होतं. मुंबई त्यांत होतं, तसं हैदराबादही. मुदखेड तेव्हा हैदराबाद राज्यात. त्यामुळे शब्दकोड्याचा हा कायदा मुदखेडलाही हैदराबादच्या ठरावातून लागू झाला.

चमारबागवाला सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ च्या निकालाने कायदा टिकला, पण एक रेघ ओढून : जिथे यश नशिबावर आहे त्या स्पर्धांनाच हा कायदा लागू, जिथे ते बऱ्याच अंशी कौशल्यावर आहे त्यांना नाही. न्यायमूर्तींना रसग्रहण करायचं नव्हतं, पण कोड्याविषयी इतकं नेमकं मत मी कोणा समीक्षकाचं वाचलेलं नाही. उत्तराचं कारण सांगता येत नसेल तर ते कोडं नव्हे, सोडत.

बक्षिसं गेली, कोडं राहिलं. मुदखेड जंक्शनवर आदिलाबादच्या गाडीची वाट पाहताना घडी घातलेला पेपर आणि पेन एवढ्यावर भागतं. पण एक जुनं दुखणं अजून आहे. ‘एक फळ, दोन अक्षरं’ अशी सूचना आली की पुण्या-मुंबईचा रचनाकार ‘पेरू’ लिहून मोकळा होतो. मराठवाड्यात त्या फळाला जांब म्हणतात, आणि ‘जांब’ही दोनच घरांचा. अडवणारा शब्द कमकुवत असला की इथला सोडवणारा बरोबर असूनही चुकतो. कोड्याची मराठी अजून एकाच बाजूच्या शब्दकोशातून येते. खुरपं, तिफण, जोंधळा हे शब्द चौकटीत दिसले की मला बरं वाटतं, कारण त्या दिवशी रचनाकाराने घाट ओलांडलेला असतो.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कालचं उत्तर येतं ते नुसतं भरलेल्या चौकटींचं. कुठे चुकलं ते त्यावरून कळतं, का चुकलं ते नाही. कोडी रचणाऱ्यांना आणि ती छापणाऱ्या संपादकांना एक विनंती आहे : त्या चौकटींखाली रोज निदान एका सूचनेचा उलगडा दोन ओळींत छापा. आणि पेरूच्या जागी कधीतरी जांब येऊ द्या.