तासांचे मीटर, पण कशाचे तास?

ट्रॅक्टरच्या झिजेचा हिशेब किलोमीटरमध्ये न करता तासांत का करतात, हे खेड्यातले विद्यार्थी चटकन सांगतात. नांगरताना ट्रॅक्टर फारसे अंतर कापत नाही. मळणीयंत्राला जोडला की तो एका जागी उभाच असतो, पण इंजिन झिजत राहते. म्हणून तेलबदल अमुक तासांनी, फिल्टर तमुक तासांनी. इथपर्यंत ठीक आहे. पण हे मीटर खरोखर तास मोजते का, हे आपण वर्गात विचारत नाही. एकक आणि लघुतम माप शिकवतो; उपकरण नेमके काय मोजते हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो.

जुन्या ट्रॅक्टरांवरचे यांत्रिक मीटर घ्या. इंजिनाकडून आलेली एक केबल फिरते आणि दंतचक्रांमार्फत आकडे पुढे सरकवते. म्हणजे ते मोजते फेऱ्या. चक्रांचे प्रमाण असे ठेवलेले असते की इंजिन एका ठरावीक गतीने चालले तर मीटरचा तास आणि घड्याळाचा तास सारखे पडावेत. ही गती मिनिटाला १५०० फेऱ्या धरू. मग ९०,००० फेऱ्या झाल्या की मीटरचा एक तास भरला. इंजिन ७५० फेऱ्यांवर नुसते गुरगुरत ठेवले तर घड्याळाच्या एका तासात मीटर अर्धाच तास दाखवील, आणि रेस २००० वर नेली तर एक तास वीस मिनिटे.

नव्या ट्रॅक्टरांवर विद्युत मीटर आले. आत क्वार्ट्झचे घड्याळ असते. तेलाचा दाब निर्माण झाला किंवा अल्टरनेटर फिरू लागला की ते सुरू होते. काही ठिकाणी ते नुसत्या किल्लीला जोडलेले असते. तेव्हा इंजिन बंद आणि किल्ली चालू राहिली तरी तास चढतात. हे मीटर अधिक अचूक, असे सगळे म्हणतात. घड्याळ म्हणून अचूक खरेच, पण भाड्याच्या व्यवहारात मला जुनेच शहाणे वाटते. रोटाव्हेटर तासावर लावला आणि चालक बांधावर इंजिन चालू ठेवून गप्पा मारत बसला, तर नवे मीटर शेतकऱ्याकडून त्या गप्पांचेही पूर्ण पैसे घेते. जुने निम्म्यावर सोडते. उलट रेस वाढवली की जुने जोरात पळते, पण तेव्हा रोटाव्हेटरही जास्त फिरतो.

भार मात्र दोघांनाही कळत नाही. १५०० फेऱ्यांवर रिकामी ट्रॉली ओढली काय आणि काळ्या जमिनीत खोल नांगरट केली काय, आकडा तोच. पस्तीसेक अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण सात-आठ लिटर डिझेल पिते, मंद गतीवर एखादा लिटर. काम किती झाले याचा अंदाज मीटरपेक्षा टाकीच बरा देते.

भुसावळजवळच्या दीपनगरला औष्णिक वीज केंद्रात हा घोटाळा होत नाही. तिथे ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. असा संच पूर्ण भारावर तासभर चालला तर पाच लाख युनिट वीज होते. ५५ टक्के भारावर चालला तर पावणेतीन लाख. घड्याळाचा तास तोच. म्हणून वीज केंद्रांत संच किती काळ उपलब्ध होता आणि त्याने किती वीज दिली, हे दोन आकडे वेगळे ठेवतात. संच किती वेळा थंड स्थितीतून सुरू केला याचीही नोंद असते, कारण तापण्या-निवण्याने जाड धातूवर ताण येतो. ट्रॅक्टरवाल्याला यातले काहीच मिळत नाही.

ट्रॅक्टरला निदान तासांचे मीटर तरी आहे. आगीच्या बंबाचा आणि रुग्णवाहिकेचा हिशेब अनेकदा किलोमीटरवरच होतो, आणि तिथे चूक मोठी आहे. खानदेशात एखाद्या जिनिंगमध्ये कापसाला आग लागली की ती आतल्या आत तासन्‌तास धुमसते. बंब जाऊन-येऊन दहा किलोमीटर धावतो आणि सहा तास उभ्याने पंप चालवतो. पंपाला शक्ती बहुधा त्याच इंजिनाची. लॉगबुकात दिसतात दहा किलोमीटर आणि भरपूर डिझेल. ‘अ‍ॅव्हरेज’ काढले की ते हास्यास्पद येते, आणि चालकावर डिझेल चोरल्याचा संशय यायला एवढे पुरते. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. अपघाताच्या जागी रुग्णवाहिका थांबते तेव्हा दिवे, वातानुकूलन, उपकरणे यांसाठी इंजिन चालूच ठेवावे लागते. मंद गतीवर इंजिन पुरेसे तापत नाही, इंधन नीट जळत नाही, काजळी तेलात उतरते. म्हणजे किलोमीटरवर विसंबून तेल बदलले तर ते उशिरा बदलले जाते, तेही जी गाडी ऐनवेळी बंद पडून चालणार नाही तिचे.

अमेरिकेत फोर्ड कंपनीने पोलिसांच्या गाड्यांसाठी एक ठोकताळा दिला होता: उभ्याने तासभर इंजिन चालणे म्हणजे ३३ मैल, सुमारे ५३ किलोमीटर, धावणे. दिवसात ६० किलोमीटर धावून चार तास उभ्याने चाललेली गाडी या हिशेबाने २७२ किलोमीटर चालली. हा आकडा आपल्या डिझेल गाड्यांना जसाच्या तसा लावू नये. तो पेट्रोलच्या मोटारींसाठी होता. पण उभ्या तासांचा रकाना वेगळा हवा, हे त्यातून उघड दिसते. नव्या इंजिनांतल्या संगणकात एकूण तास, मंद गतीचे तास आणि जळलेले इंधन हे तिन्ही आकडे बहुधा साठवलेले असतात. लॉगबुकात ते उतरवून घ्यायला खर्च येत नाही.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना गावातल्या ट्रॅक्टरवर एक दिवस नोंद ठेवायला सांगावे: मनगटी घड्याळाचे तास, मीटरचे तास, सायंकाळी टाकी पुन्हा काठोकाठ भरायला लागलेले डिझेल, आणि शेजारी त्या दिवशीचे काम. नांगरटीचा एक दिवस आणि ट्रॉलीचा एक दिवस घेतला तर उत्तम. मीटर जुने यांत्रिक असेल तर पहिल्या दोन रकान्यांचे गुणोत्तर काढून इंजिनाची सरासरी गती किती होती तेही काढता येईल. त्यासाठी मीटर कोणत्या गतीला खरा तास दाखवते हे कळायला हवे. ते ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.