सगळाच माल स्टोअरमध्ये कशाला?

आजचा विषय आहे वेबच्या स्क्रीनवरची स्टेट आणि ती सांभाळायला आपण उभा केलेला डोलारा. स्टेट म्हणजे स्क्रीनला या क्षणी लक्षात ठेवावी लागणारी माहिती: कोणता टॅब उघडा आहे, कोणती शिफ्ट निवडली, किती जॉब झाले.

थोडं मागे जाऊ. २०१४ मध्ये फेसबुकच्या मंडळींनी फ्लक्स ही पद्धत मांडली, तेव्हा उदाहरण चॅटचं दिलं होतं. न वाचलेल्या संदेशाचा आकडा दिसायचा, उघडून बघावं तर नवीन काहीच नाही. दुरुस्त केलं तरी पुन्हा तेच. कारण एकच गोष्ट स्क्रीनवर अनेक ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणचा हिशेब वेगळा. मग २०१५ मध्ये डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांचं रिडक्स आलं. एकच स्टोअर, बदल हवा तर ॲक्शन पाठवा, रिड्यूसर नवी स्टेट देईल. विचार चांगलाच होता. कोणता बदल कशामुळे झाला, हे मागे जाऊन तपासता येतं.

बिघडलं कुठे? औषध होतं, त्याचं आपण रोजचं जेवण केलं. ड्रॉपडाउन उघडा की बंद, हेसुद्धा स्टोअरमध्ये! एका बटणासाठी चार फायली. खुद्द अब्रामोव्ह यांनी २०१६ मध्येच लिहिलं की कदाचित तुम्हाला रिडक्सची गरज नसेल. आपण ते वाचलं आणि पुढच्या प्रोजेक्टला पुन्हा रिडक्सच टाकलं.

आता आपल्याकडे बघा. भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात स्टोअर म्हणजे काय, हे इथे कोणाला सांगायला नको. तिथे ऑपरेटर दर वेळी पाना आणायला स्टोअरमध्ये स्लिप घेऊन जातो का? रोजची हत्यारं मशीनपाशीच असतात. सगळ्यांना लागणारी, मोजून द्यायची वस्तू तेवढी स्टोअरमध्ये. हाच नियम स्क्रीनला लावा. ड्रॉपडाउन, अर्धवट भरलेला फॉर्म ही त्या-त्या कॉम्पोनंटची हत्यारं, तिथेच राहू द्या.

दुसरी गोष्ट, जे मोजून काढता येतं ते साठवू नका. समजा शिफ्टचा बोर्ड आहे. एकूण जॉब ४८०, रिजेक्ट १२, ओके ४६८. तिन्ही आकडे वेगवेगळे साठवले, आणि एक जॉब नंतर रिजेक्ट झाला. रिजेक्ट १३ झाले, ओके ४६८ च राहिले. बेरीज ४८१! सुपरवायझर त्या ४६८ वर डिस्पॅच ठरवतो. फेसबुकवर असा आकडा चुकला तर माणूस वैतागतो; इथे ट्रकमध्ये खराब माल चढतो. ओके म्हणजे एकूण वजा रिजेक्ट. दाखवताना वजाबाकी करा, संपलं.

तिसरी गोष्ट सर्व्हरच्या माहितीची. ती आपली स्टेट नाहीच. खरा आकडा डेटाबेसमध्ये, आपल्याकडे त्याची झेरॉक्स. झेरॉक्स कधीची आहे, हे कळायला हवं. टॅनस्टॅक क्वेरी किंवा आरटीके क्वेरी हेच काम करतात: माहिती कधी आणली, शिळी कधी समजायची, परत कधी आणायची. शेवटचं अपडेट किती वाजताचं, हे स्क्रीनवरही लिहा.

चौथी गोष्ट, निवडलेली लाइन आणि शिफ्ट यूआरएलमध्ये ठेवा. मग लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की समोरच्यालाही तीच निवड दिसते.

एवढं केल्यावर स्टोअरसाठी काय उरतं? बऱ्याचदा लॉगिन केलेला माणूस, भाषा, आणखी एखाद-दुसरी गोष्ट. ड्रॉइंगच्या ॲपसारखं काही असेल, जिथे मागे-पुढे जावं लागतं, तिथे रिडक्स जरूर वापरा.

हल्ली ऐकतो, ‘सर, आम्ही झुस्टँडवर गेलो,’ ‘आम्ही सिग्नल्स वापरतो.’ चांगलं आहे, कोड कमी होतो. पण एका आकड्याच्या तीन प्रती तिथेही ठेवल्या, तर चूकही तिथे पोचतेच. म्हणून टीममध्ये लायब्ररीवर वाद सुरू होण्याआधी प्रत्येक आकड्यापुढे दोन प्रश्न लिहा: याचा मालक कोण? आणि हा दुसऱ्यावरून काढता येतो का? तुमचा चालू प्रोजेक्ट उघडून आज रात्री एका स्क्रीनपुरतं करून बघा.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ या.