'कोर्ट' : कायदा पाळला, आरोपी आतच

फौजदारी कार्यपद्धतीने आरोपीला दिलेले हक्क म्हणजे नेमकं काय, हे बघण्यासाठी आज आपण एक चित्रपट घेतलाय. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट', 2014 सालचा. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाही असेल.

गोष्ट थोडक्यात सांगू. नारायण कांबळे हे वयस्कर लोकशाहीर. वीरा साथीदार यांनी ती भूमिका केली आहे. त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला, असा आरोप. म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करणे, कलम 306.

चित्रपट पाहून लोक म्हणतात, 'आपल्याकडे कायदा पाळतो कोण!' आम्हाला हे वाचन अपुरं वाटतं. इथे कायदा बराचसा पाळला जातो, आणि खरी भीती त्यातच आहे. बघा ना, आरोपीला वकील आहे. उलटतपासणी होते, आणि पोलिसांचा साक्षीदार इतर खटल्यांतही उभा राहिलेला 'ठरलेला' माणूस निघतो. मृत्यू विषारी वायूने झाला, आत्महत्येची खूण नाही, हेही समोर येतं. कामगाराची बायको सांगते, की त्याला सुरक्षेची साधनंच मिळत नव्हती. शेवटी जामीनही मिळतो, एक लाखाचा. तो वकिलालाच भरावा लागतो.

हक्क मिळाले म्हणायचे का? मिळाले. पण कधी?

आमच्या मते या चित्रपटाचा खरा विषय वेळ आहे. आणि आरोपीचे बहुतेक हक्क वेळेतच मोजलेले असतात. अटकेनंतर 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं; हे संविधानाच्या कलम 22 मध्येच आहे. गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर जामीन मागणं हा आरोपीचा हक्क होतो. साक्षी सुरू झाल्या की सुनावणी रोजच्या रोज चालवायची, पुढे ढकलायची तर कारण लिहायचं. 1973 च्या संहितेत हे होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. कायदा जणू घड्याळ हातात घेऊन बसलाय.

'कोर्ट'मध्ये मात्र ते घड्याळ फक्त आरोपीसाठी चालतं. तारीख पडते, सरकारी वकील लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. गीतांजली कुलकर्णी यांनी ही बाई कुठेही खलनायिका होऊ दिलेली नाही. तिचा दिवस संपतो, कांबळेंचा संपत नाही.

मग कांबळेंना पुन्हा अटक होते, या वेळी यूएपीएखाली. इथे घड्याळच बदलतं: न्यायालयाच्या परवानगीने मुदत 180 दिवसांपर्यंत जाते, आणि आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. त्यात न्यायालयाला महिन्याभराची उन्हाळी सुट्टी. न्यायाधीश सांगतात, उच्च न्यायालयात जा. एकेक दिवा मालवला जातो आणि कोर्ट अंधारात बुडतं.

आमचा एकच आक्षेप आहे. चित्रपट तिथेच थांबायला हवा होता. पुढे न्यायाधीशांची सहल येते, त्यांची डुलकी, त्यांनी मुलाला मारलेली चपराक. प्रसंग चांगला आहे, पण त्याने राग एका माणसावर वळतो. 'हा न्यायाधीशच तसा' म्हणून आपण सुटतो. तासभर दिग्दर्शकाने जे मन लावून दाखवलं, की सगळे साधेच लोक आहेत आणि तरीही हे घडतं, ते थोडं पातळ होतं.

कारण प्रश्न चांगल्या-वाईट माणसांचा नाही. मुदत मोडल्यावर किंमत कोण मोजतो, हा आहे. आरोपपत्राला उशीर झाला तर पोलिसांना किंमत मोजावी लागते, आरोपी सुटतो. म्हणून ती मुदत जपली जाते. सुनावणी लांबली तर किंमत एकटा आरोपी मोजतो. म्हणून ती लांबतच राहते. पुढच्या वेळी 'कोर्ट' पाहाल तेव्हा संवादांइतकंच तारखांकडेही लक्ष द्या.