वीज परत आल्यावर काय?

विहिरीवरचा ऑटो स्विच सातारा-सांगलीकडच्या विद्यार्थ्यांना नवा नाही. वीज आली की मोटार आपोआप सुरू. रात्री उठून रानात जायला नको. पण एका डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या तर? थेट सुरू होणारी मोटार त्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. रोहित्रावर ताण येतो तो असा. ऑटो स्विच काढा, असे आवाहन महावितरणने वेळोवेळी केले आहे ते यासाठीच.

'होम असिस्टंट' ही घर चालवणारी संगणक-प्रणाली आम्ही याच कसोटीवर तपासली. पॉलस स्खाउत्सन यांनी ती २०१३ साली सुरू केली. ती मुक्त आहे, फुकट आहे आणि घरातल्याच संगणकावर चालते. इंटरनेट गेले तरी मुख्य काम अडत नाही. बसवणेही सोपे. लिनक्स सर्व्हरवर डॉकरमधून चालवा, नाहीतर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या पोटात मांडलेल्या दुसऱ्या संगणकात, तिची स्वतंत्र कार्यप्रणाली उतरवा. दोन जीबी रॅम, बत्तीस जीबी जागा पुरते. मात्र यूईएफआय निवडायला विसरू नये. पुढे ब्राउझरमध्ये ८१२३ या पोर्टवर पान उघडते. बसवण्याची मार्गदर्शिका इथवर उत्तम आहे.

आमची तक्रार यापुढची आहे. समजा, 'टाकीचा पंप लाव, वीस मिनिटे थांब, बंद कर' असा नियम लिहिला आणि दहाव्या मिनिटाला वीज गेली. प्रणाली पुन्हा सुरू होते, पण ते 'थांबणे' तिच्या आठवणीतून गेलेले असते. पंपाचा प्लग मात्र आधीची स्थिती लक्षात ठेवणारा असेल, तर पंप सुरू होतो आणि त्याला थांबवणारे कोणी उरत नाही! यासाठी वेगळा टायमर आहे. पण वीज गेल्यावर उरलेला वेळ जपण्याची त्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते, ती आपण सुरू करायची. हे दस्तऐवजात लिहिले आहे, पण बसवणाऱ्याच्या वाटेवर नाही. ज्यांच्याकडे वीज सहसा जात नाही त्यांना ते चालत असेल. आपल्याकडे पहिल्याच पानावर हवे.

व्हर्च्युअल मशीनचेही तसेच. मूळ संगणक सुरू झाला म्हणून आतला होतोच असे नाही; तसे सांगून ठेवावे लागते.

वर्गात पंपाऐवजी प्लगला एक बल्ब लावावा, बॅकअप घ्यावा आणि नियम चालू असताना मेन स्विच बंद करावा. बल्ब कधी विझेल, हे मुलांनी आधी वहीत लिहावे.